यरीहोचा रस्ता आणि करळ फाटा



पत्रकातले हे पान आम्ही रविवारच्या वाचनांवरील चिंतनासाठी राखून ठेवतो. आज मात्र चिंतनाच्या आधी आम्हांला एक कबुली द्यायची आहे. पापनिवेदन खासगीत होते आणि ते आम्ही केलेही आहे. पण जे भर रस्त्यात घडले, त्याचा थोडा भाग चारचौघांत सांगितल्याशिवाय आमच्या मनाला स्वस्थता नाही.

१३ जुलै २०२५ ला, सामान्य काळातील पंधराव्या रविवारी, लूकलिखित शुभवर्तमानातील दयाळू शोमरोन्याचा दाखला वाचला गेला. त्या दिवशी आमचे प्रवचन लांबले होते. काहींनी घड्याळ लावून मिनिटे मोजली आणि नंतर आम्हांला सांगितलीही, त्याबद्दल आभार! त्या प्रवचनात आम्ही याजक आणि लेवी या दोघांना चांगलेच धारेवर धरले होते. मंदिरात सेवा करणारी माणसे, रोज देवाचे नाव घेणारी, आणि रस्त्यात अर्धमेला माणूस दिसताच दुसऱ्या बाजूने निघून गेली, असे आम्ही आवाज चढवून सांगितले.

त्यानंतर दहा-बारा दिवसांतली गोष्ट. एका आजीबाईंना आजाऱ्यांचा तैलाभ्यंग संस्कार देऊन आम्ही रात्री जासईकडून परत येत होतो. साडेअकरा वाजून गेले होते. पाऊस असा की काचेवरचा वायपर पुरा पडत नव्हता. करळ फाट्याच्या अलीकडे नेहमीप्रमाणे ट्रेलरांची रांग लागली होती. दोन ट्रेलरांमधल्या फटीत एक माणूस उकिडवा बसला होता. त्याचा एक हात पोटाशी होता आणि दुसरा आमच्या गाडीच्या दिव्यांकडे उंचावलेला. आम्ही गाडी हळू केली. तेवढ्या वेळात मनात काय काय आले ते लपवत नाही. प्यायलेला असावा. एकाला असे बसवून गाडी थांबवतात आणि मागून चौघे येतात, हे आपण सर्वांनी ऐकलेले आहे. सकाळी साडेसहाची मिस्सा आहे. रांगेत एवढी माणसे आहेत, कोणीतरी बघेलच. एकूणएक विचार शहाणपणाचे होते. आम्ही गाडी पुढे काढली. घरी येऊन ओला सदरा उतरवला, तेव्हा पवित्र तेलाची कुपी खिशातच होती.

दोन दिवसांनी यार्डाच्या गेटवर काम करणाऱ्या आपल्या एका धर्मग्रामस्थाने बोलता बोलता पुढची हकिगत सांगितली. तो माणूस बिहारचा ड्रायव्हर होता आणि त्याचे अपेंडिक्स फुटायच्या बेतात होते. त्याच्या मागच्या ट्रेलरचा ड्रायव्हर हरियाणातल्या मेवातचा, मुसलमान. त्याने आपल्या क्लिनरला गाडीत बसवले, एका टेम्पोवाल्याला हात जोडून थांबवले आणि आजाऱ्याला पनवेलला नेले. पहाटेपर्यंत तो तिथेच बसून राहिला. परत आला तोवर रांग पुढे सरकली होती आणि त्याचा नंबर गेला होता. डबा वेळेत बंदरात गेला नाही म्हणून मालकाने त्याचा त्या फेरीचा भत्ता कापला. आजारी ड्रायव्हर वाचला. हे सारे सांगून आपला धर्मग्रामस्थ म्हणाला, "फादर, त्या रविवारी तुम्ही सांगितलं होतं ना, अगदी तस्संच झालं बघा." आम्ही काही बोललो नाही. त्याला वाटले, फादर भारावून गेले.

ही कबुली आम्ही आज देत आहोत, कारण धर्मग्राम परिषदेच्या गेल्या बैठकीत एका नळावरून बरेच वाजले आणि त्याची चर्चा आता घराघरांत चालू आहे. तो नळ आणि ती रात्र आमच्या मनात वेगळी होत नाहीत. नळाकडे येण्याआधी आपण कुठे राहतो, हे जरा पाहू या.

बाहेरगावच्या पाहुण्याने पत्ता विचारला की आपण अडखळतो. उरण म्हणावे, तर नगरपरिषदेची हद्द आपल्या अलीकडेच संपते. नवी मुंबई म्हणावे, तर ती महापालिका आपली नाही. कागदोपत्री आपण ग्रामपंचायत. नियोजन सिडकोचे, समोरचा रस्ता राष्ट्रीय महामार्गाचा आणि पलीकडचे कुंपण बंदराचे. गटार तुंबले की कोणत्या कचेरीत जायचे हे ठरवण्यातच पावसाळा संपतो. गाव म्हणावे तर शेत नाही, शहर म्हणावे तर बाग नाही की नाट्यगृह नाही. शेजारच्या गावातले एक वयस्कर गृहस्थ एकदा आम्हांला म्हणाले होते, "फादर, आमच्या शेतान आता डबे पिकतान." जिथे भात आणि मीठ पिकत होते, तिथे आता पाच-पाच, सहा-सहा डब्यांचे थर आहेत. संध्याकाळचे ऊन त्या डब्यांच्या आड थोडे लवकरच मावळते.

तरुण मुलांना हे ऐकून ठाऊक असेल, तरी लिहून ठेवलेले बरे. सिडकोची स्थापना १९७० ची. नव्या शहरासाठी ठाणे, पनवेल आणि उरण या भागांतल्या ९५ गावांच्या जमिनी घ्यायचे ठरले. योग्य मोबदला मिळावा म्हणून १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जासई आणि नवघर-पागोटे परिसरात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले. गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. विकसित जमिनीतला साडेबारा टक्के वाटा प्रकल्पग्रस्तांना देण्याचे धोरण आले ते त्या रक्तातून. २६ मे १९८९ ला जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. शेवा गावाला उठावे लागले. त्यातून नवीन शेवा आणि हनुमान कोळीवाडा या वसाहती झाल्या, आणि कोळीवाड्यातल्या घरांना लागलेल्या वाळवीची कहाणी तुम्ही आमच्यापेक्षा अधिक जाणता.

मग आपण आलो. आपल्या धर्मग्रामात पिढ्यान्‌पिढ्या इथली असलेली घरे थोडी आहेत. बाकीचे कोणी वसईहून, कोणी जालन्याहून, कोणी अहिल्यानगर जिल्ह्यातून आले. झारखंडची आदिवासी कुटुंबे आली, ती अजून मराठी मिस्सेला हिंदीत गुणगुणतात. कोणी टॅली क्लार्क झाले, कोणी सर्वेअर, कोणी सिक्युरिटी, कोणी माथाडी. मिस्सेला येणाऱ्या दहांपैकी आठ घरांची चूल कंटेनरवर पेटते, असे म्हटले तर वावगे होणार नाही. आयातीचा माल बंदरातून थेट न्यायची पद्धत वाढली, यार्डांकडे येणारे डबे कमी झाले, तेव्हा काही चुली विझता विझता राहिल्या, हेही आम्ही पाहिले आहे.

हा डबा तरी काय चीज आहे! मॅल्कम मॅकलीन नावाचा अमेरिकेतला एक ट्रकवाहतूकदार होता. त्याच्या 'आयडियल-एक्स' या जहाजावर ५८ डबे चढवून २६ एप्रिल १९५६ ला ते नेवार्कहून ह्यूस्टनला निघाले. त्याआधी गोणी, पिंपे, खोकी एकेक करून माणसे उचलत. जहाज दिवसचे दिवस धक्क्याला लागून राही. डबा आला आणि तासांत काम होऊ लागले. २०२४-२५ या वर्षात आपल्या बंदराने वीस फुटी मापाने ७० लाखांहून अधिक डबे हाताळले. या डब्याचा मोठा गुण असा, की आत काय आहे हे वाटेत कोणालाच बघावे लागत नाही. सील शाबूत असले, नंबर जुळला, की झाले. ट्रेलर ओढणाऱ्याला ठाऊक नसते तो औषधे नेतो आहे की खेळणी. आमची भीती अशी, की या डब्यांच्या शेजारी राहता राहता आपल्यालाही तीच सवय लागली आहे. माणूस दिसला की त्याचा नंबर वाचायचा, बिहार, यूपी, राजस्थान, आणि सील न तोडता पुढे जाऊ द्यायचे.

सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान शिकलो. त्याचा उपयोग काय, असे आमच्या आईने अनेकदा विचारले आणि आम्हांला धड उत्तर देता आले नाही. एमान्युएल लेव्हिनास नावाचे एक ज्यू तत्त्वज्ञ होऊन गेले. लिथुआनियात जन्मले, फ्रान्सला आपला देश मानले आणि दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या कैदेत राहिले. त्यांचा विचार ढोबळमानाने असा: दुसऱ्या माणसाचा चेहरा माझ्यासमोर येतो, तेव्हा मी त्याच्याविषयी काही ठरवण्याआधीच त्याचा माझ्यावर हक्क निर्माण झालेला असतो. तो कोण, कुठला, त्याची जात कोणती, हे प्रश्न नंतरचे. परीक्षेत आम्ही यावर भरभरून लिहिले होते. त्या रात्री वायपरच्या दोन फेऱ्यांमध्ये तो चेहरा आमच्यासमोर आला, आणि आम्ही नेमके ते नंतरचे प्रश्न आधी विचारले.

शुभवर्तमानाकडे वळू. येशू नासरेथचा, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. पण कार्याला आरंभ केल्यावर तो नासरेथ सोडून कफर्णहूमला येऊन राहिला, आणि मत्तय त्या गावाला येशूचे स्वतःचे नगर म्हणतो. कसे होते ते गाव? सरोवराच्या काठचा कोळीवाडा. पेत्र, आंद्रेया, याकोब, योहान यांच्या होड्या तिथल्या. त्याच गावात जकातनाका होता, तिथे बसलेल्या मत्तयाला येशूने हाक मारली. रोमी शताधिपती आणि त्याचे शिपाईही तिथेच होते. कोळी, कस्टम आणि बंदूकवाले! आपल्या उरणच्या पट्ट्याचे याहून नेमके वर्णन आम्हांला तरी सापडलेले नाही. राजधानीतले लोक नाक मुरडतील असे, अर्धे गाव आणि अर्धा नाका असलेले ठिकाण प्रभूने राहायला निवडले. आपली जागा देवाच्या नजरेत नाही, असे ज्यांना वाटते त्यांनी मत्तयाचा चौथा अध्याय घरी उघडून पाहावा.

यरुशलेमहून यरीहोला जाणारा तो रस्ताही असाच होता. यरुशलेम डोंगरावर, साडेसातशे मीटर उंचीवर, तर यरीहो समुद्रसपाटीच्याही अडीचशे मीटर खाली. पंचवीस-तीस किलोमीटरांत हजार मीटरची उतरण, उजाड माळ आणि लपायला घळी. यरीहो हे जकातीचे ठिकाण, मुख्य जकातदार जक्कय तिथलाच. म्हणजे मालाची आणि पैशाची वर्दळ होती, आणि म्हणूनच लुटारूही होते. अशा रस्त्यावर एक माणूस पडतो आणि एक परका थांबतो.

आजवर या दाखल्यावर आम्ही जितकी प्रवचने केली, त्यांत शोमरोनी असतो, याजक असतो, लेवी असतो, लुटारूंनाही दोन वाक्ये मिळतात. एकाला मात्र आम्ही कधी काही दिले नाही: उतारशाळेच्या मालकाला. शोमरोनी जखमा बांधतो, रात्रभर थांबतो आणि दुसऱ्या दिवशी दोन दिनार देऊन पुढे निघतो. त्याला जायचेच असते. तो वाटसरू आहे, आजच्या भाषेत त्याची ट्रिप आहे. दोन दिनार म्हणजे दोन दिवसांची मजुरी. त्यानंतर त्या रक्ताने माखलेल्या, नाव-गाव ठाऊक नसलेल्या माणसाला सांभाळतो तो उतारशाळेवाला. चादरी तो धुतो. रात्री कण्हणे तो ऐकतो. वरखर्च झाला तर येताना देईन, या एका शब्दावर तो विश्वास ठेवतो. लूकने या जागेसाठी वापरलेला ग्रीक शब्द आहे पान्दोखेयॉन. त्याची फोड केली तर अर्थ निघतो, सर्वांना घेणारे.

बंधू-भगिनींनो, आपण सारे शोमरोनी व्हायची प्रार्थना करतो. पण आपला पत्ता पाहिला, तर देवाने आपल्याला त्या उतारशाळेच्या जागी बसवले आहे. शोमरोनी येतील आणि जातील. मेवातचा तो ड्रायव्हर कदाचित पुन्हा कधी आपल्याला भेटणारही नाही. रस्त्याच्या कडेला कायमचे राहणारे आपण आहोत. आपल्याला इथून कुठे जायचे नाही.

आता नळाविषयी. चर्चच्या आवारात पश्चिमेकडच्या भिंतीला एक नळ आहे आणि हॉलच्या मागे दोन शौचालये आहेत. फेस्ताचे आणि लग्नाचे दिवस सोडले तर ती कुलूपबंद असतात. भिंतीच्या बाहेर ट्रेलर उभे राहतात. बंदराने वाहनतळ बांधलेला आहे, तरी जहाजांची गर्दी झाली की रांग रस्त्यावर येतेच. रांगेतली माणसे सकाळी कुठे जातात, अंघोळ कुठे करतात, हे आपण जाणतो, कारण त्याचा वास आपल्यालाच येतो. सकाळी सहापासून रात्री नऊपर्यंत नळ आणि शौचालये ड्रायव्हर-क्लिनरांसाठी उघडी ठेवावीत, एक बाकडे टाकावे, प्रथमोपचाराची पेटी ठेवावी, असा प्रस्ताव आम्ही परिषदेपुढे मांडला होता.

विरोध झाला, आणि तो मनाच्या कोतेपणातून झाला असे कोणी समजू नये. एका मातेने विचारले, धर्मशिक्षणाच्या वर्गाहून संध्याकाळी मुली परततात, त्यांचे काय? प्रश्न रास्त आहे. म्हणून वर्गाच्या वेळी पश्चिमेचे दार बंद राहील आणि मुली पुढच्या दाराने जातील, असे ठरले. दुसऱ्याने पाण्याचे काढले. उन्हाळ्यात रानसई धरण आटले की आपल्यालाच दिवसाआड पाणी मिळते. तेही खरे. तिसरे म्हणाले, ज्यांचा माल जातो-येतो त्यांनी शौचालये बांधावीत, आपण गरिबांनी का? हे तर सर्वांत खरे! तसा अर्ज आपण दिलेला आहे, रस्त्यावरच्या दिव्यांसाठीही दिला आहे, आणि पोच जपून ठेवली आहे. आम्ही एवढेच म्हणालो, की शोमरोन्याने आधी यरीहोच्या कचेरीत अर्ज देऊन उत्तराची वाट पाहिली असती, तर पडलेल्या माणसाला आणखी थोडे पडून राहावे लागले असते. अर्जही द्यायचा आणि नळही उघडायचा. न्याय मागणे आणि दया करणे यांत एकाची निवड करायची असते, असे आम्हांला कोणत्याच शुभवर्तमानात आढळले नाही.

मग एक जण उठून म्हणाले, "फादर, हेच लोक आपल्या पोरांना चिरडतात." त्यावर सगळे गप्प झाले, कारण समोर ती भगिनी बसली होती.

तिची परवानगी घेऊन लिहीत आहोत, नाव लिहीत नाही. २०२१ मध्ये तिचे यजमान रात्रपाळी संपवून मोटारसायकलवरून येत होते. दिवे नसलेल्या रस्त्यावर ट्रेलरखाली आले. ड्रायव्हर गाडी सोडून पळाला आणि दुसऱ्या दिवशी स्वतः पोलिसांकडे हजर झाला. पळाला हे वाईटच. पण का पळतात, हेही आपण जाणतो. आपल्याकडच्या काही तरुणांनी एका ड्रायव्हरला केबिनमधून खाली ओढून इतके मारले होते, की चूक कोणाची हे नंतर कोणी विचारलेच नाही. २०२४ च्या जानेवारीत पहिल्याच दिवशी देशभर ड्रायव्हर संपावर गेले, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, ते आठवत असेल. अपघात करून खबर न देता पळणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैद, असे नव्या न्याय संहितेचे कलम होते. ड्रायव्हरांचे म्हणणे, थांबलो तर जमाव जिवंत सोडणार नाही. १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली तेव्हा ते कलम बाजूला ठेवले गेले. जमावाची भीती मात्र कोणत्याही कलमाने बाजूला ठेवता येत नाही. ती आपण निर्माण केलेली आहे.

त्या भगिनीने विचारले, "मी बोलू का?" ती म्हणाली, "कोर्टात मी त्याला पाहिलं. तेवीस वर्षांचा पोरगा. एक चप्पल सुतळीने बांधलेली. त्याचा बाप दाराशी हात जोडून उभा होता, मी तिकडे बघितलं नाही. क्षमा केलीस का, असं मला विचारू नका. रोज सकाळी करते आणि रात्री परत घेते. पण त्या दिवशी त्याला गाडीवर एकोणीस तास झाले होते, असं वकील म्हणाले. कुठे तरी थांबायला, तोंड धुवायला..." तिने वाक्य पुरे केले नाही.

१९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला आठ तास काम सांगितले होते. साठ वर्षे उलटून गेली तरी एकोणीस तास होतात. त्याचा हिशेब मालाच्या भाड्यात, बंदराच्या वेळापत्रकात, ट्रेलरच्या हप्त्यात कुठे तरी असतो. तो आपल्या हातात नाही. पश्चिमेच्या भिंतीचा नळ आहे.

प्रस्ताव नऊ विरुद्ध पाच मतांनी मंजूर झाला. पाच जणांचे मत बदलले नाही आणि त्यांना बदलण्याचा आमचा आग्रहही नाही. त्या पाचांपैकीच एकाने किल्ल्या कोणाकडे राहतील याची वही करून दिली, आणि ती आमच्या वहीपेक्षा नीटनेटकी आहे.

मंडळींपैकी काहींनी विचारले, हे चर्चचे काम आहे का? दर्यावर्दींसाठी कॅथलिक चर्चची सेवा १९२० मध्ये ग्लासगोला सुरू झाली. आज ती 'स्टेला मारिस' या नावाने जगभरच्या बंदरांत चालते. जहाजावरच्या माणसासाठी चर्चने धर्मगुरू नेमला. त्याने आणलेला डबा पुढे ओढणाऱ्याकडे बघायला आणखी बरीच वर्षे लागली. जून २००७ मध्ये रोमच्या स्थलांतरितांविषयीच्या परमधर्मपीठीय परिषदेने रस्त्यावरील प्रेषितकार्याविषयी मार्गदर्शिका काढली. तीत वाहनचालकांसाठी दहा आज्ञाही आहेत. वर्तमानपत्रांनी तेव्हा त्या आज्ञांची गंमत केली होती आणि खरे सांगायचे तर आम्हीही हसलो होतो. त्यातली पहिली आज्ञा खून करू नये हीच आहे, हे आज पुन्हा वाचताना हसू आले नाही. पोप फ्रान्सिस यांनी तर २०२० च्या 'फ्रातेल्ली तुत्ती' या विश्वपत्राचा अख्खा दुसरा अध्याय शोमरोन्याच्या दाखल्याला दिला आहे.

आणि एक गोष्ट, जी पुष्कळांना ठाऊक नाही. आपल्या देशाच्या कायद्यातही हा दाखला शिरला आहे! अपघातातल्या जखमीला मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये, यासाठीच्या मार्गदर्शक सूचनांना सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ ला बळ दिले. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४अ हे कलम आले. मदत करणाऱ्याला तिथे म्हटले आहे 'गुड समॅरिटन', म्हणजे आपला चांगला शोमरोनीच. जखमीला रुग्णालयात पोहोचवणाऱ्याला नाव-पत्ता सांगायची सक्ती पोलीस करू शकत नाहीत, आणि त्याच्यावर दिवाणी वा फौजदारी दायित्व येत नाही. जखमीला पहिल्या मोलाच्या तासात पोहोचवून त्याचा जीव वाचवणाऱ्याला २०२५ पासून २५,००० रुपयांचे बक्षीसही आहे. पैशासाठी कोणी थांबावे असे आम्ही म्हणत नाही. पण 'पोलिसांचे लफडे नको' हे कारण आता उरलेले नाही. आमच्याजवळ तर ते त्या रात्रीही नव्हते.

अटल सेतूची कमान आपल्या गच्चीवरून दिसते. १२ जानेवारी २०२४ ला तो खुला झाला, साडेएकवीस किलोमीटरहून लांब, शिवडी ते चिर्ले. आपल्या मोटारसायकलींना त्यावर जाता येत नाही. त्याच दिवशी उरणची लोकल सुरू झाली, ती मात्र आपली झाली. असे मोठे रस्ते आणखी येतील, आणि प्रत्येकाच्या कडेला कोणी तरी गाडी लावून रात्रीची वाट पाहत बसलेला असेल.

मेवातच्या त्या ड्रायव्हरचा भत्ता कापला गेला होता. यार्डातल्या आपल्या माणसाकडून त्याच्या ट्रान्सपोर्टचा पत्ता मिळवून आम्ही तेवढी रक्कम पाठवली. तीन आठवड्यांनी पैसे परत आले. निरोप असा होता, की फादरसाहेबांनी ते त्या बिहारवाल्याच्या घरी पाठवावेत, त्याची दोन महिन्यांची मजुरी बुडाली आहे. पाठवले आहेत.

येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर नळाचे कुलूप काढले जाईल. आशीर्वादाचा विधी दहा मिनिटांचा असेल, भाषण नाही. शौचालयांच्या स्वच्छतेसाठी आणि टाकीकडे लक्ष ठेवण्यासाठी प्रत्येक लहान ख्रिस्ती समूहाने आठवड्यातला एक दिवस घ्यायचा आहे. सोमवार, मंगळवार, बुधवार आणि रविवार भरले आहेत. मंगळवार त्या भगिनीने घेतला आहे. ज्या महिन्यात पाणी दिवसाआड येईल, त्या महिन्यात टँकर मागवावा लागेल. त्यासाठी वर्गणीची पेटी सेक्रिस्तीच्या दाराशी ठेवली आहे. गुरुवार आणि शुक्रवार अजून रिकामे आहेत, नावे वहीत लिहावीत. शनिवारी आम्ही आहोत.